ताईचे सात उंदीर

हे मला लिहायचंच नव्हतं. तीनदा टाइप केलं, तीनदा सगळं उडवलं, काल तर लॅपटॉप बंद करून सरळ पांघरूण डोक्यावर ओढलं. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या तारमामांनी आमच्या घरचं इंटरनेट दुरुस्त करता करता हे सगळं सांगितलं आणि जाताना म्हणाले, "लिही तू. फक्त माझ्या ताईला कोणी हसणार नाही एवढं बघ." आता असं म्हटल्यावर माणूस गप्प बसेल का? म्हणून लिहिते आहे, एका दमात, चुकलं तर चुकलं.

तारमामा हे त्यांचं नाव नाही, पण त्यांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये त्यांच्या बायकोशिवाय कोणाला आठवत असेल असं वाटत नाही. सत्तावीस वर्षं मामांनी टेलिफोन कंपनीसाठी तारा जोडल्या. आधी तांब्याच्या, मग काचेच्या. काचेची तार म्हणजे केसाएवढी बारीक काच, तिच्यातून उजेड पळतो, आणि त्या उजेडावर बसून आपल्या परीक्षांचे फॉर्म, सिनेमे, भांडणं सगळं घरात येतं. ती तुटली की मामा निघाले. वरचं साल सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, टोक एकदम सरळ कापायचं, दोन्ही टोकं छोट्याशा मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. ठिणगी पडते, काच वितळते आणि जोड लागतो. एवढंच काम. पण हात थरथरला की गेलं.

मामांची एक खासियत होती. तुटलेलं टोक बघून ते सांगायचे तार कोणी तोडली. रस्ता खोदणाऱ्या मशीननं तोडलेली तार आधी ताणली जाते आणि मग तुटते, केस उपटल्यासारखी. दरड पडली तर चेंगरलेली असते. आणि उंदराचं काम वेगळंच, बारीक बारीक दातांची झालर. ऑफिसात सगळे म्हणायचे, मामांना टोक दाखवा, ते गुन्हेगाराचा पत्ता सांगतील.

मामांची ताई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच शिवणकाम करून मामांना वाढवलं, शिकवलं, कान पिळले. डोंगरातल्या एका टोकाच्या गावात, त्या गावातल्याही शेवटच्या घरात ती एकटी राहायची. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. शहरातून त्या गावापर्यंत सत्तावीस किलोमीटर काचेची तार गेली होती, चाळीस घरांसाठी. मामांनी स्वतः टाकलेली. आणि ती तार संपायची ती ताईच्या घराच्या मागच्या भिंतीत.

रोज संध्याकाळी सहा वाजता मामा तिला व्हिडिओ कॉल करायचे.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. तू जेवतोस ना वेळेवर, ठोंब्या?"

झालं, संपला कॉल. पन्नाशी उलटलेल्या माणसाला रोज ठोंब्या म्हणवून घ्यायला हे एक ठिकाण होतं.

भेटायला मात्र मामा कधी नुसते गेले नाहीत. वाईट नव्हते हो ते, पण कामाशिवाय कोणाकडे जाऊन नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं, हेच त्यांना कळायचं नाही. आणि ताईचंही तेच, 'ये ना रे' म्हणणं तिच्या जिभेवर कधी आलंच नाही. तार तुटली की कंपनीची जीप मिळायची. मग मामा जायचे, जोड लावायचे, ताईकडे चहा व्हायचा, ती उकडलेले बटाटे मीठ-मिरी लावून पुढ्यात ठेवायची आणि अंधार पडायच्या आत मामा परत. वर्षातून चार वेळा, फार तर पाच.

एक वर्ष मात्र असं आलं की पहिले पाच महिने तार तुटलीच नाही. मामा खुशीत होते, आपलं काम किती पक्कं म्हणून मिशीवर हात फिरवत होते. आणि मग एक दिवस ताईची तक्रार आली, नेट बंद.

मामांनी इकडून मशीन लावलं. ते मशीन तारेत उजेड सोडतं, उजेड तुटलेल्या टोकावर आपटून परत येतो, आणि मशीन सांगतं किती अंतरावर तुटलंय. आकडा आला सव्वीस किलोमीटर नऊशे ऐंशी मीटर. म्हणजे ताईच्या घराच्या अगदी पाठीशी.

मामा पोचले तेव्हा ताई अंगणात बटाटे सोलत होती. पातेलं भरत आलं होतं. एकट्या बाईला एवढे बटाटे कशाला, असं मामांच्या मनात येऊन गेलं. ते मागे गेले, वाकून टोक हातात घेतलं आणि तसेच बसून राहिले.

तार सरळ कापलेली होती. इतकी सरळ की मामांना स्वतःच्या हत्यारानंही रोज जमली नसती. एकही दात नाही, ताण नाही, एका फटक्यात, कापडाची किनार कापावी तशी. मामांनी मान वर केली. खिडकीतून आतली भिंत दिसत होती, आणि भिंतीवर खिळ्याला ताईची शिवणाची मोठी कात्री लटकत होती.

ताई दारात येऊन उभी राहिली. "काय झालं होतं रे?"

मामांनी तिच्याकडे बघितलं. तिनं दुसरीकडे बघितलं.

"उंदीर," मामा म्हणाले.

"मेले फार माजलेत," ताई म्हणाली. "चल, हात धू. बटाटे थंड होतील."

परत आल्यावर मामांनी रिपोर्टच्या कागदावर कारणाच्या रकान्यात लिहिलं, उंदीर. हे आयुष्यातलं पहिलं खोटं, असं मला सांगताना मामा हसले होते, पण ते हसू काही खरं नव्हतं.

त्या वर्षात उंदरांनी ताईची तार एकूण सात वेळा कुरतडली. दर महिन्याला एक उंदीर, आणि शेवटी शेवटी तर तेवढाही धीर नाही. जीपचा ड्रायव्हर म्हणायचा, "मामा, तुमच्या बहिणीकडे मांजर नेऊन सोडा की एक." मामा म्हणायचे, "मांजराला तिचे उंदीर झेपणार नाहीत." दोघं मनापासून हसायचे. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं. मामांना सगळं माहीत होतं आणि ताईला माहीत होतं की मामांना माहीत आहे. त्यावर एक अक्षर कधी बोललं गेलं नाही. त्या वर्षात दोघं जेवढे भेटले तेवढे आधीच्या दोन वर्षांत मिळून भेटले नसतील. तार ताईच्या घराशी संपत होती, कापली तरी फक्त तिचंच बंद पडायचं, दुसऱ्या कोणाचं काही जात नव्हतं. मग काय बिघडलं, असं मामांना वाटलं.

बिघडलं ते ऑफिसातल्या भिंतीवर.

ऑफिसात आराखडेवाल्या मॅडम होत्या. वयानं मामांपेक्षा बऱ्याच लहान, डोकं एकदम तल्लख. त्यांच्या भिंतीवर अख्ख्या देशाचा नकाशा होता. शहरांभोवती हिरव्या रेघांची जाळी, आणि बाकी नुसती मोकळी जागा. डोंगर, वाळवंट, लांबच लांब पसरलेली गावं. त्या मोकळ्या जागेत नेट कसं न्यायचं हे त्यांचं काम.

"मामा, देश बघा केवढा आहे," त्या म्हणाल्या. "घराघराला तार ओढत बसलो तर माझ्या नातवंडांची लग्नं होतील तरी आपण खड्डेच खणत असू. एक मनोरा उभा केला की पाच गावं एका फटक्यात. छपरावर डबा लावला की झालं."

"मॅडम, तार हाताला लागते," मामा म्हणाले. "तुटली तर कळतं कुठे तुटली. हवेला जोड कसा लावणार?"

"हवा तुटत नाही ना पण!"

"आणि वीसजण एकदम सिनेमा बघायला बसले की? तारेत गर्दी होत नाही. हवेत होते."

"होते. मान्य. म्हणून शहरात तारच ठेवणार आहोत." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी तारेच्या विरुद्ध नाही हो, मामा. पण कुठे ठेवायची आणि कुठे काढायची याला काहीतरी रेघ नको? मी नियम ठेवलाय. वर्षात सहापेक्षा जास्त वेळा तुटली तर ती लाइन काढायची, तिथे मनोरा. तुमची डोंगराची लाइन अकरा वेळा तुटलीये."

मामांनी मनातल्या मनात मोजलं. अकरा. दोनदा दरड, दोनदा रस्ता खोदणारं मशीन, आणि सात उंदीर.

म्हणजे खरे चार. चार असते तर तार राहिली असती.

"सात वेळा नुसते उंदीर," मॅडम कागद बघत म्हणाल्या. "एकाच जागी. तुम्ही तिथे लोखंडी नळी का नाही घातली?"

आता बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की मॅडम, उंदीर नव्हते. पण मग ताईनं कंपनीची तार कापली हे कागदावर आलं असतं. चौकशी करायला कोणीतरी तिच्या दारात जाऊन उभं राहिलं असतं, कात्री मागितली असती. मामांच्या डोळ्यांपुढे ताईचा तो वळवलेला चेहरा आला.

"राहून गेलं, मॅडम," ते म्हणाले.

लाइन काढायचं काम मामांकडेच आलं, दुसऱ्या कोणाला तो डोंगर ठाऊक नव्हता. सत्तावीस किलोमीटर तार त्यांनी गुंडाळत आणली. ताईच्या मागचे दोनशे मीटर ओढले तेव्हा त्यांचे स्वतःचे सात जोड एकामागून एक हातातून सरकत गेले. त्यातला सगळ्यात जुना तुकडा त्यांनी कापून खिशात टाकला, कशाला ते त्यांनाही कळलं नाही. मग त्यांनीच ताईच्या छपरावर डबा बसवला, समोरच्या टेकडीवरच्या मनोऱ्याकडे त्याचं तोंड केलं, डब्यातून एक बारीक वायर खिडकीच्या चौकटीवरून आत घेतली, दर वीतभर अंतरावर क्लिप ठोकली.

ताई खाली उभी राहून बघत होती. "आता हे तुटत नाही म्हणे?"

"नाही."

"कधीच नाही?"

"बंद पडलंच तर मॅडम ऑफिसात बसून चालू करतात. बटण दाबून."

"बरं झालं," ताई म्हणाली. "तुझी धावपळ वाचली."

निघायच्या आधी मामांनी तिच्या टॅबलेटमध्ये एक सोय करून दिली. तीन रिंग झाल्या की कॉल आपोआप उचलला जाईल, तिला उठून बोट लावायला नको. आपण फार हुशारी केली असं त्यांना वाटलं.

आणि खरंच हवा तुटली नाही. गावातली पोरं घरात बसून वर्ग करायला लागली, खालच्या वाडीत तर पहिल्यांदाच नेट आलं, मॅडमचं काहीही चुकलं नव्हतं. मामांना मात्र टोकं बघायचं काम उरलं नाही. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, गुंडाळलेल्या तारांच्या रिळांमध्ये, पंख्याखाली. रोज सहाला कॉल लागायचा. चित्र स्वच्छ.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. जेवतोस ना, ठोंब्या?"

व्हिडिओ कॉलवर कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही, लक्षात आलंय का तुमच्या? आपण स्क्रीनकडे बघतो, कॅमेरा असतो वर, समोरच्याला वाटतं हा आपल्या हनुवटीशी बोलतोय. सगळ्यांचंच तसं. त्यामुळे ताई जरा बाजूला बघून बोलते, यात मामांना काही वावगं वाटलं नाही. खोलीत दिवा लावलेला नसायचा. मामा म्हणाले, अगं अंधारात काय बसतेस, ती म्हणाली, बिल कमी येतं. एकदा मामांनी विचारलं, शिवण बंद का? ती म्हणाली, कंटाळा आला. पन्नास वर्षं जिनं कधी कंटाळा हा शब्द काढला नाही, तिला कंटाळा आला, आणि मामा म्हणाले, बरं.

असे दहा महिने गेले. दहा महिन्यांत मामा एकदाही गेले नाहीत, कारण काही तुटलं नाही.

मग एका सोमवारी कॉल लागला नाही. मंगळवारीही नाही. मामा मॅडमकडे गेले. त्यांनी स्क्रीन बघितली. "डबा दिसतोय, पण आतलं बंद आहे. टॅबलेटकडे जाणारा स्विच बंद केला असेल त्यांनी. मी इकडून दोनदा चालू करून बघितलं."

"कोणी जाणार आहे का बघायला?"

"एका घरासाठी जीप नाही पाठवत आता, मामा. आठवडा बघतात."

मामा घरी येऊन बसले. बुधवारीही बसले. गुरुवारी सकाळी मामींचा संयम संपला. मामींची जीभ अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे.

"कशाची वाट बघताय?"

"जीप नाही म्हणतात."

"बस नावाची एक वस्तू असते जगात! जीप मिळाली तरच जायला ती बहीण आहे का खांब?"

मामांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि बसनं निघाले. बस पायथ्यापर्यंतच जाते, पुढचे सहा किलोमीटर चालत. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणी न पाठवता निघाले होते, पण पिशवी मात्र घेतलीच. रिकाम्या हातांनी जायला अजूनही जमत नव्हतं.

दार उघडंच होतं. मामा आत न जाता सवयीनं आधी खिडकीशी गेले. वायर तुटलेली होती. त्यांनी टोक हातात घेतलं.

आणि त्यांना काही समजेना. हे कात्रीचं काम होतं, पण एका फटक्यातलं नाही. आठ-दहा ठिकाणी खाचा होत्या. कुठे नुसतं साल सोललेलं, कुठे अर्धं कापून सोडलेलं, दोन क्लिपाही उखडलेल्या, खिडकीच्या लाकडावर कात्रीचे ओरखडे. शेवटी कशीबशी तुटलेली. सात खोट्या उंदरांनंतर आता पहिल्यांदा टोक खरोखर उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं.

मामांनी हजारो टोकं वाचली होती. हेही वाचलं. जिची कात्री आयुष्यात कधी रेघेबाहेर गेली नाही, तिनं हे चाचपडत कापलं होतं.

ते आत गेले. ताई खाटेवर बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिनं चेहरा वळवला, दाराच्या दिशेला, पण मामा दारात नव्हतेच, ते कपाटापाशी पोचले होते.

"आलास का रे, ठोंब्या?" ती रिकाम्या दाराला म्हणाली. "चार दिवस लावलेस. आधी दुसऱ्या दिवशी यायचास."

मामांनी पिशवी खाली ठेवली.

"उंदीर," ताई म्हणाली.

"ताई, तुला दिसत नाहीये?"

"उजेड कळतो. खिडकी कुठे ते कळतं."

"मला सांगितलं का नाहीस? रोज विचारत होतो ना मी!"

"तू विचारायचास बरी आहेस ना. मी म्हणायचे बरी आहे." तिनं हात पुढे केला, भलत्याच बाजूला. "असं लांबून 'नाही' कसं म्हणायचं रे? तू जवळ आला असतास तर म्हणाले असते."

मामांनी तिचा हात धरला, बाजूला बसले आणि लहान पोरासारखे रडले. तिनं त्यांच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "केस किती गेलेत तुझे. स्क्रीनवर कळलं नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्यांतला दाब वाढला होता. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात जातो. आठ-नऊ महिन्यांपूर्वी कोणी आणलं असतं तर रोजच्या थेंबांवर बरंचसं राहिलं असतं. गेलेलं परत येत नाही. मामांनी तिथेच बोटांवर महिने मोजले. तार असती तर नऊ महिन्यांपूर्वीच आठवा उंदीर आला असता. आणि मामांनी तिला केव्हाच धडपडताना बघितलं असतं, चहाचा कप भलतीकडे ठेवताना, सुईत दोरा ओवता ओवता थांबताना. बटाटे खाता खाता कळलं असतं.

पुढच्या आठवड्यात ते मॅडमकडे गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सात उंदीर म्हणजे माझी बहीण. रिपोर्ट मी खोटे लिहिले. जे करायचं ते मला करा.

मॅडमनी नकाशाकडे बघितलं. "म्हणजे खरे चार."

"चार."

"तार राहिली असती."

"हो."

"सहाची रेघ मी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेव्हाच बोलला असता तर…" मग हळूच विचारलं, "ताईंना किती दिसतं आता?"

"खिडकी कळते, मॅडम."

खोट्या रिपोर्टची नोंद झाली. मामांनी मुदतीच्या आधीच नोकरी सोडली. तार परत जाणार नव्हती, तिची रिळं केव्हाच दुसऱ्या शहरात लागली होती. ताई शहरात यायला तयार नाही. त्या घरात दाराला किती पावलं, चुलीला किती, हे तिला पाठ आहे, इकडे ती पांगळी होईल म्हणते. शेजारीण दोन वेळा डोकावते. आणि मामा दर गुरुवारी बसनं जातात, शुक्रवारी येतात. आता पिशवी नेत नाहीत.

मागच्या गुरुवारी त्यांनी खिशातला तो जुना तुकडा तिच्या हातात दिला. तिनं त्यावरून बोट फिरवलं, मध्येच थांबली.

"इथे जाड लागतंय."

"तो जोड. पहिल्या उंदराचा."

ती बोट तिथेच ठेवून बसली. मग म्हणाली, "सरळ कापली होती ना रे मी?"

"एकदम सरळ, ताई. माझ्याहून सरळ."

हे सांगताना मामांच्या हातात आमच्या घरची तार होती, आणि त्या दिवशी जोड लागायला त्यांना तीनदा करावं लागलं.

आता मला पुढे टाइप करता येत नाहीये, समोरचं सगळं धूसर झालंय, म्हणून थांबते. एवढंच ऐका माझं. तुमचंही कोणीतरी रोज 'बरी आहे' म्हणत असेल, आणि चित्र अगदी स्वच्छ येत असेल. कोण ते तुम्हाला माहीत आहे. या आठवड्यात जा. काम काढून जायची गरज नाही, काही तुटायची वाट बघू नका. नुसते जा, जवळ बसा, आणि मग विचारा.